मनीला घरातच राहू द्या, दाणे मात्र पायरीवरून उचला

प्रश्न:

नमस्कार ताई,

आम्ही सांगलीत राहतो. बैठं घर, पुढे अंगण, मागे परसात आंबा, जास्वंद आणि कढीपत्ता. सासूबाई कित्येक वर्षं रोज पहाटे तुळशीला पाणी घातलं की शेजारच्या पायरीवर मूठभर ज्वारी आणि तांदूळ टाकतात. जास्वंदीखाली पाण्याचं परळ भरून ठेवतात. चिमण्या, होले, साळुंक्या, बुलबुल रोज येतात. दोन वर्षांपूर्वी मुलाने पावसात भिजलेलं मांजराचं पिल्लू घरी आणलं, तीच आमची मनी. घर शाकाहारी, म्हणून तिला दूध-पोळी नाहीतर दूध-भात. या उन्हाळ्यात तिने आधी पायरीवरची एक चिमणी धरली, मग पाण्यावर आलेला बुलबुल आणि परवा परसात दयाळाचं पिल्लू. गळ्यात घुंगरू बांधलं होतं, काही उपयोग झाला नाही. एक भटका बोकाही भिंतीवरून येतो. परवा सासूबाई जेवल्या नाहीत. म्हणाल्या, "मी बोलावते आणि ही मारते. हे पाप माझ्या माथी नको. तिला मार्केट यार्डात सोडून या." मुलगा रडून बेजार आहे. हे म्हणतात, दाणेच बंद करून टाका. चिमणी दिनाला आणलेलं लाकडी घरटं तसंच पडून आहे, लावायचं धाडस होत नाही. काय करू?

एक वाचक, सांगली

उत्तर:

नमस्कार,

"मी बोलावते आणि ही मारते" हे तुमच्या सासूबाईंचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यांना जे कळलं आहे ते पक्ष्यांना हौसेने दाणे घालणाऱ्या पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पक्षी एरवी अन्न शोधत दहा ठिकाणी फिरतो. आपण रोज त्याच जागी, त्याच वेळी दाणे टाकले की तो ठरल्या वेळी जमिनीवर उतरतो आणि मान खाली घालून टिपत बसतो. दबा धरून बसलेल्या मांजराला याहून सोयीचं काय असणार? तेव्हा ही जबाबदारी दाणे घालणाऱ्याची आहे, एवढं सासूबाईंचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मनीला सोडून यायचं, हे मात्र अजिबात मान्य नाही.

पोत्यात घालून मांजर लांब सोडून येणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती फार निर्दय आहे. घरात वाढलेलं मांजर मार्केट यार्डात गाड्यांखाली, कुत्र्यांच्या तोंडी नाहीतर उपासमारीने मरतं. पाळलेल्या जनावराला उपाशी मरायला असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. शिवाय त्याने तुमच्या चिमण्या वाचणार नाहीत. मनी गेली की तिची मोकळी झालेली हद्द तो भिंतीवरचा बोका धरेल. मनीला निदान तुम्ही घरात घेऊ शकता, दार लावू शकता. बोक्याला कोण आत घेणार? सासूबाईंना हे शांतपणे सांगा. त्या पक्ष्यांच्या काळजीने बोलत आहेत, म्हणून पक्ष्यांच्याच बाजूने सांगितलेलं त्यांना पटेल.

आता तुम्ही सांगितलेल्या तीन घटना वेगवेगळ्या बघू. तिन्हींचं कारण एक नाही.

चिमणी दाण्यांपायी गेली, हे उघड आहे. बुलबुल मात्र ज्वारी टिपायला येत नाही. तो फळं आणि किडे खाणारा. तो पाण्यासाठी आला आणि ते पाणी जास्वंदीच्या दाट फांद्यांखाली होतं, म्हणजे मनीला लपायला जागा आणि पक्षी हाताच्या अंतरावर. आंघोळ करणारा पक्षी दाणे टिपणाऱ्याहूनही असहाय असतो, कारण भिजलेल्या पंखांनी त्याला पटकन उडता येत नाही. तुमच्या अंगणातली सगळ्यात धोक्याची जागा म्हणून मी पायरीपेक्षा त्या परळाकडे बोट दाखवेन. आणि दयाळाच्या पिल्लाचा तुमच्या दाण्यांशी संबंधच नाही. दयाळ ओल्या मातीतले किडे, अळ्या वेचतो, ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटं करतो आणि त्याची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच बाहेर पडतात. दाणे बंद केले असते तरी ते पिल्लू परसात उतरलंच असतं. म्हणून "दाणेच बंद करा" हा तुमच्या यजमानांचा तोडगा तीनपैकी एकाच ठिकाणी लागू पडतो.

तरीही सुरुवात त्यांच्याच म्हणण्याने करा. आठ-पंधरा दिवस दाणे पूर्ण थांबवा. पक्षी उपाशी मरत नाहीत. त्यांच्या पोटापाण्याचा मोठा भाग बाहेरच असतो आणि पाऊस पडला की किड्यांची, गवताच्या बियांची चंगळ होते. एवढ्या दिवसांत चिमण्यांची पायरीवर उतरायची सवय मोडेल आणि मनीची तिथे दबा धरायचीही. मग नव्या जागी सुरू करा.

नवी जागा म्हणजे शिंकं. दूध, दही, लोणी मांजरापासून वाचवायला आपल्या आज्या-पणज्या स्वयंपाकघरात जे टांगायच्या, तेच. तुमच्या सासूबाईंना काथ्याचं शिंकं विणता येत असेल तर त्यांनाच विणू द्या. त्या दिवशी जेवणावरून उठलेल्या बाईच्या हाताला याहून चांगलं काम मी सुचवू शकत नाही. शिंक्यात एक पसरट ताटली किंवा कडेला बोटभर काठ असलेली लाकडी फळी बसवा. पावसाचं पाणी साचू नये म्हणून तळाला चार-पाच भोकं पाडा. मांजर उभ्या उडीत पाच-सहा फूट सहज गाठतं, तेव्हा शिंक्याचा तळ जमिनीपासून साडेसहा-सात फुटांवर हवा. आंब्याच्या जाड फांदीला टांगू नका, मनी झाडावरून येईल. अंगणात कपडे वाळत घालायला दोन खांबांमध्ये तार असते तशी एक तार उंचावर ओढून घ्या आणि शिंकं तिच्या बरोबर मध्यभागी टांगा. भिंत, खिडकीची पट्टी, पाण्याची टाकी, गाडीचं टप, असं काहीही दोन-तीन मीटरच्या आत नको, कारण मांजर आडवी झेपही लांब घेतं. सासूबाईंचा हात पोहोचावा म्हणून तारेला एक लहान कप्पी लावा. दोर सोडला की शिंकं खाली, दाणे घालून ओढलं की वर.

पहिले काही दिवस शिंकं हलतं म्हणून पक्षी बिचकतील. ताटलीत एक जड दगड ठेवला की डोलणं कमी होतं. चिमण्या लवकर सरावतात, होल्यांना वेळ लागतो. दर महिन्याला दोर तपासायचा. उन्हापावसाने काथ्या कुजतो, आणि शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

किती घालायचं? दोन तासांत संपेल एवढंच. ज्वारी, बाजरी, राळे, तांदळाच्या कण्या, झालं. शेव, फरसाण, बिस्किटं, मीठ घातलेला भात नको. शेंगदाणे द्यायचे तर बिनमिठाचे आणि स्वच्छ, बुरशीचा वास येणारे कधीही नको, त्या बुरशीचं विष पक्ष्यांना मारतं. जमिनीवर सांडलेलं संध्याकाळच्या आत झाडून घ्या. रात्री दाणे राहिले की उंदीर येतात आणि उंदरांमागे तुमचा तो बोका. ताटली लहान ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. मोकळ्यावर पसाभर धान्य फेकलं की पारव्यांचे थवे बसतात आणि लहान पक्षी हटतात. पारव्यांची वाळलेली विष्ठा आपल्या फुफ्फुसांना बरी नव्हे. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली प्रकरण थेट न्यायालयात गेलं, ते तुम्ही वाचलं असेलच.

पाण्याचं परळ आजच्या आज जास्वंदीखालून काढा. तेही दुसऱ्या शिंक्यात जाऊ दे, किंवा गुळगुळीत लोखंडी पाइपावर साडेसहा-सात फुटांवर बसवा आणि पाइपाला मध्यावर पत्र्याचं उलटं नसराळं लावा. पत्र्याची कामं करणारा कोणीही ते करून देईल. त्याखालून मांजर चढू शकत नाही. पाणी काठाशी बोटभर, मध्ये दोन बोटं, याहून खोल नको. बसायला एक खडबडीत दगड ठेवा. रोज पाणी ओतून, परळ काथ्याने घासून पुन्हा भरा. नाहीतर आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या होतात आणि पक्ष्यांचे रोगही एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात. जास्वंदीच्या खालच्या फांद्या जमिनीपासून दीड फुटापर्यंत छाटून टाका. वरचा पसारा पक्ष्यांना लपायला राहील, खालची आडोशाची जागा मनीची जाईल. कुठे बोगनवेल छाटली असेल तर तिच्या काटेरी काड्या झुडपाच्या बुंध्याशी पसरा. मांजर त्यावर बसत नाही.

आता मनी. माझ्या मते खरी गोम तिच्या ताटात आहे.

मांजर फक्त भुकेने मारत नाही. शिकारीची ऊर्मी वेगळी आणि पोटाची भूक वेगळी. म्हणून भरल्या पोटाचं मांजरही चिमणी धरतं, त्यासाठी तिला शिक्षा करण्यात काही अर्थ नाही. पण ती काय खाते याचा परिणाम मात्र होतो. इंग्लंडमधल्या एक्सिटर विद्यापीठाने २०२१ साली साडेतीनशेच्या आसपास पाळीव मांजरांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना मांसाचं प्रमाण जास्त असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिलं, त्यांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. ज्यांच्याशी रोज पाच-दहा मिनिटं खेळलं गेलं, त्यांची २५ टक्क्यांनी. घुंगराचा मात्र ठळक फरक दिसला नाही. तुमचाही अनुभव तोच आहे.

दूध-पोळी खाऊन मांजर जगतं, पण ते त्याचं खाणं नव्हे. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. मांसात मिळणारं टॉरिन नावाचं द्रव्य त्याच्या शरीराला बाहेरूनच लागतं आणि ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. मोठ्या मांजराला दूधही अनेकदा पचत नाही. मी तुम्हाला चुलीवर मासे शिजवा म्हणणार नाही. सासूबाईंच्या स्वयंपाकघराचा मान राहिलाच पाहिजे. दुकानात मांजरांसाठीचं तयार कोरडं खाणं मिळतं. त्याचा डबा, तिची वाटी, तिचं पाणी, सगळं मागच्या पडवीत, वेगळं. मुलगा देईल. फक्त ते मांजरांसाठीचंच असू दे, कुत्र्यांचं खाणं मांजराला पुरत नाही. पाकीट बदललं की पोट बिघडू शकतं, म्हणून आठवडाभर थोडं-थोडं मिसळत जा. सासूबाईंनी हरकत घेतली तर एवढंच विचारा की तिने वाटीत खाल्लेलं चालेल की अंगणात मारलेलं?

वेळा बदलणं तर आणखी सोपं आहे. मांजर तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला सगळ्यात तल्लख असतं, आणि पक्षीही नेमके तेव्हाच खाली उतरतात. मनीला संध्याकाळी पाचच्या सुमाराला आत बोलावून खायला द्या आणि मग सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत घरातच ठेवा. कोपऱ्यात एका पसरट टबात वाळू ठेवली की तिची सोय होते. सुरुवातीला दोन-चार रात्री ओरडेल, दार खरवडेल. तेवढं सोसा. रात्री निजायच्या आधी मुलाने काठीला दोरी आणि चिंधी बांधून तिला पळवायचं, झडप घालू द्यायची आणि शेवटी चिंधी धरू द्यायची. ती शिकार तिची झाली पाहिजे. सासूबाईंनीही दाणे पहाटेऐवजी सात-साडेसातला घालावेत, मनी आत असताना. दोन तासांत ते संपतील आणि मगच दार उघडेल.

घुंगरू आणि त्याचा दोरा काढून टाका. साधा दोरा फांदीत अडकून मांजराला फास बसतो. त्याऐवजी झटका बसला की आपोआप सुटणारा पट्टा घ्या आणि त्यावर लाल, पिवळ्या भडक सुती कापडाची चुण्यांची झालर शिवून चढवा. पक्ष्यांना रंग फार चांगले दिसतात, दबकत येणारं मांजर त्यांना लांबूनच कळतं. त्याच अभ्यासात अशा रंगीत झालरीने धरलेल्या पक्ष्यांची संख्या ४२ टक्क्यांनी उतरली होती. उंदरांवर तिचा परिणाम होत नाही, म्हणजे उंदीर मारायचं मनीचं काम चालूच राहील.

मनीची नसबंदी झाली नसेल तर या महिन्यात करून घ्या आणि रेबीजची लसही. तिची पिल्लं झाली तर तुम्ही ती कुणाला देणार? अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली अंदाज मांडला होता की तिथली मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, आणि त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे. आपल्याकडची गल्लीतली मांजरंही कुणाच्या तरी घरच्या नको झालेल्या पिल्लांतूनच वाढतात. बोक्याचं म्हणाल तर त्याला मारहाण नको. भिंतीवर उष्टं-खरकटं ठेवायचं बंद करा, दिसला की पाण्याचा फवारा मारा आणि नसबंदीसाठी शहरातल्या एखाद्या प्राणी संस्थेशी बोला.

लाकडी घरट्याबद्दल. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० पासून साजरा होऊ लागला, त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरेव्हर सोसायटी. तेव्हापासून आपल्याकडे घरोघर अशी घरटी आली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण बरीच घरटी हाताला येईल अशा उंचीवर, गॅलरीच्या कठड्याशेजारी लटकलेली दिसतात, आणि ते मला बघवत नाही. तुमचं घरटं आठ-दहा फुटांवर, सपाट भिंतीला, छपराच्या वळचणीखाली लावा. जवळ पन्हाळीचा पाइप, वेल किंवा खिडकीची जाळी नको. भोक सव्वा इंचाचं असेल तर चिमणीला पुरतं. भोकाखाली बसायची दांडी असेल तर कापून टाका, चिमणीला ती लागत नाही. एवढी जागा घराला नसेल तर घरटं न लावलेलं बरं.

पक्ष्यांना खाऊ घालायचा एक मार्ग तुमच्या परसात आधीच आहे. कढीपत्त्याला काळी फळं धरतात, त्यांवर बुलबुल आणि कोकीळ येतात. ती फळं लागायच्या आत झाड छाटू नका. जागा असेल तर तुती लावा, शेवगा लावा. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर नक्की येतील. हे सगळं खाणं उंचावर असतं आणि आपोआप रोज नव्या फांदीवर असतं. आंब्याच्या खोडाला मात्र पाच फुटांवर दीड-दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा सैलसर गुंडाळा. खोड वाढेल तसा तो सैल करावा लागेल. शेजारच्या झाडावरून किंवा भिंतीवरून वाट नसेल तर वरची घरटी त्याने वाचतात.

आता दयाळाच्या पिल्लासारख्या पिल्लांचं. मार्चपासून ऑगस्टपर्यंत कधीही अंगणात असं पिल्लू उतरू शकतं. पिसं फुटलेली, शेपूट आखूड, टुणटुण उडतं पण झेप नाही. ते पडलेलं किंवा टाकलेलं नसतं, आईबाप जवळच असतात. त्याला उचलून घरात आणू नका. फार उघड्यावर असेल तर हाताने उचलून जवळच्या झुडपात उंच ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हे खरं नाही. आणि ते नीट उडेपर्यंत मनी दिवसाही घरातच. हे ओळखायचं काम मुलाला द्या. साळुंक्या, सातभाई, बुलबुल एकदम कर्कश आरडाओरडा करू लागले की खाली मांजर, मुंगूस नाहीतर साप असतो, आणि तो आवाज मुलं आपल्यापेक्षा लवकर शिकतात. कुठल्या झाडावर कुणाचं घरटं आहे, पिल्लं कधी बाहेर आली, हे त्याने वहीत टिपून ठेवलं तर पुढच्या वर्षी मनीला कधी कोंडायचं ते आधीच कळेल. मांजर त्याने आणलं, तेव्हा तिच्या वाटची राखणही त्याने करावी. रडण्यापेक्षा हे त्याला आवडेल.

इतकं करूनही मनीने कधी एखादा पक्षी धरलाच आणि तो जिवंत असेल, तर "काही लागलेलं दिसत नाही" म्हणून सोडून देऊ नका. मांजराच्या दातांत आणि लाळेत असे जंतू असतात की सुईच्या टोकाएवढी जखम झाली तरी पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो. त्याला प्रतिजैविक लागतं, तेही त्याच दिवशी. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडकं घालून त्याला ठेवा, झाकण लावा, अंधारात आणि शांत जागी असू दे. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. दूध, हळद, काहीही नको. मुलांना सारखं उघडून बघू देऊ नका. तसाच पशुवैद्याकडे न्या, किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बरा होईपर्यंत पिंजऱ्यात घालून घरीच ठेवू, असं मात्र करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही आणि पक्ष्यालाही ते सोसत नाही.